न मोजलेले डोळे

२०२५ च्या दिवाळीत भोपाळ, विदिशा, इंदूर, ग्वाल्हेरच्या बाजारांत प्लास्टिकच्या पाइपची एक बंदूक दीड-दोनशे रुपयांना मिळत होती. पाइपात कॅल्शियम कार्बाइडचे खडे टाकायचे, थोडे पाणी ओतायचे आणि मागे बसवलेल्या गॅस लायटरचा खटका दाबायचा. आवाज सुतळी बॉम्बच्या तोडीचा, आणि बंदूक पुन्हापुन्हा वापरता येणारी. एका माळेच्या पैशांत चार दिवसांची सोय. ती कशी वापरायची याच्या चित्रफिती मोबाइलवर फिरत होत्या. विक्री रोखण्याचे सरकारी आदेश दिवाळीच्या आधीच निघालेले होते. तरीही त्या दोन-तीन दिवसांत मध्य प्रदेशातल्या रुग्णालयांत डोळे भाजलेली शंभरावर मुले पोहोचली आणि काहींची दृष्टी गेल्याच्या बातम्या आल्या. बहुतेक मुले शाळकरी वयाची होती. खटका दाबूनही बार उडाला नाही म्हणून अनेकांनी पाइपात डोकावून पाहिले, आणि तेवढ्यात तो उडाला.

या बंदुकीत काय घडते ते नीट पाहण्यासारखे आहे. कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन हा वायू सुटतो. वेल्डिंगवाल्याच्या निळ्या-पांढऱ्या ज्योतीत जळतो तोच. स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण दोन ते दहा टक्के मिसळलेला असेल तरच पेट घेतो. ॲसिटिलीनची ही पट्टी अडीच टक्क्यांपासून थेट ऐंशीपर्यंत जाते. म्हणजे पाइपात तो कमी साठला काय, जास्त साठला काय, ठिणगी मिळाली की भडका उडणारच. ‘एकच खडा टाकला होता’ या म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. भडक्याने पापण्या आणि चेहरा भाजतो, हे झाले पहिले नुकसान. दुसरे त्याहून वाईट असते. वायू निघून गेल्यावर पाइपात जो पांढरा चिखल उरतो, तो असतो चुना. स्फोटाबरोबर हा ओला, तापलेला चुना उघड्या डोळ्यात जाऊन बसतो.

आम्ल डोळ्यात गेले तर वरच्या थरातली प्रथिने गोठतात आणि त्या गोठलेल्या थराचाच थोडाफार बांध होतो. चुन्यासारखी अल्कली असा बांध घालू देत नाही. पेशींच्या आवरणातल्या चरबीचा ती साबण करून टाकते आणि वाट काढत आत जाते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. तो ओलांडायला अल्कलीला काही मिनिटे पुरतात. बुबुळाचा काळा भाग आणि डोळ्याचा पांढरा भाग जिथे मिळतात त्या काठावर पारपटलाची झीज आयुष्यभर भरून काढणाऱ्या मूळपेशी असतात. त्या जळाल्या की पडदा पुन्हा काचेसारखा होत नाही. त्यावर पांढरट, रक्तवाहिन्यांनी भरलेला थर चढतो. आपल्याकडे याला ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणतात. अशा डोळ्यावर नेत्रदानातून मिळालेले पारपटल बसवले तरी ते टिकणे अवघड असते, कारण त्याला जगवणारा काठच उरलेला नसतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये यावर एक चांगली शस्त्रक्रिया जगासमोर ठेवली. चांगल्या डोळ्याच्या काठावरून मूळपेशींचा इवलासा तुकडा घ्यायचा आणि भाजलेल्या डोळ्यावर पेरायचा. पण त्यासाठी एक डोळा शाबूत असावा लागतो. पाइपात डोकावणारे मूल दोन्ही डोळे उघडे ठेवूनही डोकावते.

भोपाळला कार्बाइड हा शब्द नवा नाही. १९८४ च्या डिसेंबरात युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेला वायू वेगळा होता, या खड्यांशी त्याचे नाते नाही. पण त्या रात्रीही माणसे डोळ्यांची आग आग होऊन जागी झाली होती.

२०२५ च्या त्या दिवाळीनंतर चर्चा झाली ती बंदुकीची. तिच्यावर बंदी आली, काही विक्रेत्यांवर गुन्हे दाखल झाले आणि प्रश्न मिटल्यात जमा झाला. मला तो मिटलेला वाटत नाही. कार्बाइडची बंदूक नसती तरी त्या दिवाळीत डोळे गेलेच असते, दरवर्षी जातात तसेच. एका नव्या वस्तूमुळे, एका राज्यात, एकाच आठवड्यात ते गेले म्हणून आकडा डोळ्यांत भरला, एवढेच. एरवी ते सुटेसुटे जातात. एक या तालुक्यात, एक त्या गल्लीत. त्यांची बेरीज कोणी करत नाही.

फटाक्यांवर आपण गेली वीसेक वर्षे वाद घालतो आहोत, कोर्टात आणि घरातही. पहिला मुद्दा होता आवाजाचा. फटाका फुटतो त्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलच्या वर आवाज नको, हा नियम १९९९ चा. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके नकोत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले. मग धुराचा मुद्दा आला. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने कमी प्रदूषणाच्या फटाक्यांनाच परवानगी दिली आणि दिवाळीला रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली. त्यातून ‘हरित फटाके’ आले. ते विकसित करण्यात नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. त्यांच्यामुळे हवेत जाणारे सूक्ष्म कण साधारण तीस टक्क्यांनी कमी होतात. काम चांगले आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती हिरव्या शिक्क्याचा बाजारात जो अर्थ झाला त्याबद्दल. दुकानदार तो शिक्का दाखवून सांगतो, ‘मुलांना द्या बिनधास्त.’ धूर तीस टक्क्यांनी कमी झाला म्हणजे ठिणगी तीस टक्क्यांनी थंड झाली असे नव्हे. हरित सुतळी बॉम्बही सुतळी बॉम्बसारखाच फुटतो.

कानाचा नियम झाला, फुप्फुसाचा झाला. डोळा मात्र कोणत्याही नियमात नाही.

साधी फुलबाजी घ्या. मुलाच्या हातात आपण पहिली देतो ती हीच, आणि तीही अडीच-तीन वर्षांच्या मुलाच्या. ती फुटत नाही, उडत नाही, आजीलाही चालते. जळत्या फुलबाजीचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या घरात वा त्याच्याही वर जाते. धनत्रयोदशीला आपण ज्याची पूजा करतो ते सोने १०६४ अंशांना वितळते. सोने वितळवू शकेल अशी काडी आपण मुलाच्या हाती देतो आणि फोटो चांगला यावा म्हणून ‘जरा तोंडाजवळ धर’ असेही सांगतो. हे मी पाहिले आहे, आणि मान्य करायला हवे, एकदा मीही सांगितले आहे.

नेदरलँड्समधल्या काही नेत्रतज्ज्ञांनी २०१० मध्ये फटाक्यांमुळे होणाऱ्या डोळ्यांच्या जखमांवरील जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात दिसलेली एक गोष्ट प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लावण्यासारखी आहे: जखमींपैकी निम्म्याच्या आसपास लोक फटाके उडवणारे नव्हतेच, ते नुसते उभे होते. गॅलरीतून पाहणारी बाई, दूध घेऊन येणारा माणूस, बाटलीतून तिरका सुटलेला बाण ज्याच्याकडे गेला तो दुचाकीवाला. आपल्याकडे प्रत्येक जखमेनंतर पहिला प्रश्न येतो, ‘पण तू कशाला वाकला होतास?’ निम्म्या लोकांच्या बाबतीत हा प्रश्नच गैरलागू आहे.

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो शाळेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या वर्गातला एक मुलगा डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी लावून आला. फुसका निघालेला अनार पुन्हा पेटवताना तो भडकला होता. त्या वयात फुसका अनार पेटवून दाखवणे हा पराक्रमच असे, आम्ही सगळेच तो करायचो. वर्गावर येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने त्याला उभे करून तोच प्रश्न विचारला. पट्टी निघाल्यावर त्याला पहिल्या बाकावर बसवले गेले आणि वर्षभरात आम्ही ते विसरूनही गेलो. डोळ्यावर मुका मार बसला की आत रक्त साचते, पुढे मोतीबिंदू होतो, कधी दृष्टिपटल सुटते, आणि काही वर्षांनी गुपचूप काचबिंदू होऊ शकतो. म्हणून असा डोळा बरा दिसला तरी आयुष्यभर तपासत राहावा लागतो, हे मला फार उशिरा कळले. त्याला ते कोणी सांगितले होते की नाही, कोण जाणे. वय लहान असेल तर आणखी एक धोका असतो. सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू पाहायला शिकत असतो. त्या काळात एक डोळा अंधुक राहिला तर मेंदू त्याचा नाद सोडून देतो, आणि नंतर डोळा दुरुस्त केला तरी ती नजर पूर्ण परत येईलच असे नाही.

‘कशाला वाकला होतास’ हे विचारले की अपघात त्या मुलाचा होतो, आपला राहत नाही. तो त्याच्या नशिबाच्या खात्यावर टाकला जातो. पण ठरावीक आठवड्यात, ठरावीक वयाच्या मुलांना, ठरावीक वस्तूंनी, त्याच तऱ्हेने होणाऱ्या गोष्टीला नशीब म्हणता येत नाही. त्याला हंगाम म्हणतात. पावसाळ्यात डेंग्यू येणार हे आरोग्य खात्याला माहीत असते, तशी तयारी होते, आकडे जाहीर होतात. दिवाळीत डोळे जाणार हे प्रत्येक नेत्रतज्ज्ञाला माहीत असते, पण काही मोठी रुग्णालये स्वतःपुरत्या नोंदी ठेवतात तेवढेच. वार्ताहर पाडव्याच्या दिवशी चार ठिकाणी फोन फिरवतो आणि आतल्या पानावर चौकट येते. राज्याचा म्हणून एक आकडा दरवर्षी आपल्यासमोर येत नाही.

मोजल्याने काय होते, हे नेदरलँड्समध्ये दिसले. तिथे ३१ डिसेंबरच्या रात्री घराघरांतून फटाके उडवायची जुनी रीत आहे. लोकांना तिचा अभिमान आहे आणि तिला हात लावायला राजकारणी घाबरत. तिथल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने एक सोपे काम हाती घेतले. दर नववर्षाला देशभरातून किती जखमी डोळे आले, किती कायमचे अधू झाले, किती काढून टाकावे लागले आणि जखमींत बघे किती होते, हे मोजायचे आणि जाहीर करायचे. हे त्यांनी वर्षानुवर्षे केले. २०२० च्या अखेरीस तिथे हवेत उडणारे बाण आणि नुसत्या आवाजाचे फटाके बंद झाले. २०२५ मध्ये संसदेने सामान्य नागरिकांच्या फटाके उडवण्यावर जवळपास पूर्ण बंदीचा कायदा मंजूर केला. त्यामागे इतरही कारणे होती, पोलिसांवर होणारे हल्ले हे त्यांतले मोठे. आपण तशीच बंदी आणावी असे माझे म्हणणे नाही, आणि आणली तरी तिचे काय होईल हे कार्बाइडच्या बंदुकीने दाखवलेच आहे. माझे म्हणणे एवढेच की तिथे वाद घालणाऱ्यांपुढे डोळ्यांचा आकडा होता. आपल्याकडे वाद धर्म आणि परंपरा या दोन खुंट्यांना बांधलेला असतो. डोळा त्यात येतच नाही.

फटाके संपले की हंगाम संपला असे समजू नये. दिवाळीनंतर संक्रांत येते आणि तिच्याबरोबर मांजा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तर हा विषय स्वतःहून हाती घेतला. तरी नागपूर, येवला, नाशिक इथे डिसेंबर लागला की तो मिळू लागतो. गळे कापल्याच्या बातम्या येतात. पापणी आणि बुबुळ कापल्याच्या कमी येतात, कारण त्यात माणूस मरत नाही. हेल्मेटची काच खाली ओढलेली असेल तर डोळा बहुधा वाचतो. आपल्याकडे हेल्मेट आधी दंडापासून वाचायला घालतात आणि काच वर करून चालवतात. याच दिवसांत जत्रांमधून छऱ्यांच्या खेळण्यातल्या बंदुका येतात, त्यांच्याबद्दल वेगळे काही सांगायला नको.

बर्फ पाहायला जाणाऱ्यांबद्दल मात्र दोन शब्द. नाताळच्या सुट्टीत मनाली, गुलमर्गला मराठी माणसांची रीघ लागते. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि दर हजार मीटर उंचीला हे किरण दहा-बारा टक्क्यांनी वाढतात. थंडीमुळे ऊन जाणवत नाही. दिवसभर बर्फात खेळून रात्री हॉटेलात डोळ्यात वाळू गेल्यासारखे टोचू लागते, उजेड सहन होत नाही. हे पारपटलाचे भाजणे आहे. बहुतेकदा एक-दोन दिवसांत बरे होते, पण डोळे चोळू नयेत. तिथे भाड्याने मिळणाऱ्या रंगीत चष्म्यांचा धोका असा की काळ्या काचेआड बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील किरण अडवणारी नसेल तर उलट जास्तच किरण आत जातात.

हे झाले सुट्टी असलेल्यांचे. पण दिवाळीनंतरचा काळ सगळ्यांनाच सुट्टीचा नसतो. त्याच सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि बीड, अहिल्यानगर भागातल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडात उतरतात. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते. पहाटेच्या अंधारात कोयता चालवताना, मोळी डोक्यावर घेताना, वाढे बांधताना ती बुबुळावरून ओढली जाते. खरचटलेले इतके बारीक असते की आरशात दिसत नाही. दुसऱ्यांच्या डोळ्यातले कुसळ आपल्याला दिसते अशी म्हण आहे. इथे ते खरोखरचे कुसळ आहे, पाचटाचे, ज्वारीच्या कणसाचे, आणि ते कोणालाच दिसत नाही. पानावरच्या बुरशीचे बीज त्या ओरखड्यात रुजते. आठ-दहा दिवसांत बुबुळावर पांढरा ठिपका येतो, तोवर जखम बरीच खोल गेलेली असते.

मधल्या आठ-दहा दिवसांत काय होते, सगळी गोम तिथे आहे. मजूर खाडा करू शकत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि खाड्याचे पैसे कापले जातात. म्हणून आधी घरचे उपाय होतात. कोणी मध घालते, कोणी गुलाबपाणी, कोणी तान्ह्या बाळाच्या आईचे दूध, कोणी एरंडेल. मग जवळच्या औषधाच्या दुकानात जाऊन ‘डोळा लाल झालाय, थेंब द्या’ म्हणायचे. दुकानदार जे थेंब देतो त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असते. कायद्याने ते चिठ्ठीशिवाय द्यायचे नसते. स्टेरॉइडने दोन दिवस खरोखर बरे वाटते, लाली उतरते, ठणका थांबतो, आणि त्या आवरणाखाली बुरशी मोकाट पसरते. रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचतो तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, ‘कोणते थेंब घातले?’ आणि तो खिशातून रिकामी बाटली काढून दाखवतो.

नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यात १९९० च्या दशकात एक प्रयोग झाला. गावोगावच्या स्वयंसेवकांना बुबुळावरचा ओरखडा ओळखायला शिकवले. पिवळ्या रंगाचा थेंब टाकून निळ्या बॅटरीच्या उजेडात पाहिले की ओरखडा हिरवा चमकतो. ओरखडा दिसला की क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम तीन दिवस लावायचे. दोन वर्षे हे चालले. जखम झाल्यापासून अठरा तासांच्या आत ज्यांना मलम मिळाले त्यांच्यापैकी एकालाही पुढे बुबुळाचा व्रण झाला नाही. हे मलम फार महाग नाही. महाग असतो तो उशीर. आपल्याकडे गावात आशा ताई असतात, पण ऊसतोड मजूर हंगामात स्वतःच्या गावातच नसतो. तळावरच्या झोपडीत, कोपीवर, त्याची आशा ताई कोण? मजुरांच्या कल्याणासाठी महामंडळ आहे, कारखाने त्यासाठी टनामागे पैसे देतात. प्रत्येक तळावर एक शिकवलेली व्यक्ती, एक बॅटरी आणि मलमाचा डबा ठेवायला त्या पैशांतला किती भाग लागेल, याचा हिशेब कोणीतरी करावा.

पुण्यातल्या सोसायटीतली फुलबाजी आणि फडातले पाचट यांत दिसायला काही साम्य नाही. पण डोळा जातो तो दोन्हीकडे बहुधा एकाच कारणाने. जखम होते तेव्हा डोळा अर्धाच गेलेला असतो. उरलेला अर्धा आपण पुढच्या काही तासांत घालवतो.

म्हणून त्या तासांबद्दल स्पष्ट लिहितो. डोळ्यात चुना, कार्बाइडचा चिखल, फटाक्याची दारू, सफेदीचे शिंतोडे, पानाच्या चुन्याची पुडी फुटून उडालेला चुना, काहीही रासायनिक गेले तर डॉक्टरांना फोन करण्याआधी, रिक्षा शोधण्याआधी, जिथे असाल तिथे स्वच्छ पाण्याने डोळा धुवायला लागा. उकळलेले, गाळलेले पाणी हवे म्हणून थांबू नका, नळाचे पिण्याचे पाणी चालते. मूल डोळा घट्ट मिटून घेते, तेव्हा एकाने डोके धरावे, दुसऱ्याने पापण्या बोटांनी उघड्या ठेवाव्यात, तिसऱ्याने तांब्याने धार धरावी. निदान पंधरा-वीस मिनिटे, घड्याळ लावून. चुन्याचे कण पापणीच्या आत चिकटून बसतात आणि तिथून जाळत राहतात, म्हणून पापणी उलटवून पाहणे आलेच. ते घरी जमत नाही, त्यासाठी धुऊन झाल्यावर लगेच रुग्णालय. चुना म्हणून वर लिंबू पिळावे, आम्लाने अल्कली मारावी, असला शाळेतला रसायनशास्त्राचा धडा इथे लावू नये.

काही घुसले असेल, डोळा फाटल्यासारखा वाटत असेल, आतून काही बाहेर आल्यासारखे दिसत असेल, तर मात्र सगळे उलटे. पाणी नको, दाबणे नको, घुसलेले ओढून काढणे नको, मलम नको, पट्टी आवळणे नको. कागदाचा कप डोळ्याभोवती हाडावर टेकेल असा धरून हलक्या हाताने चिकटवा आणि निघा. खायला-प्यायला काही देऊ नका, शस्त्रक्रिया लागू शकते. आणि जखम एका डोळ्याला झाली म्हणून दुसरा सुखरूप आहे असेही नाही. फाटलेला डोळा तसाच राहिला तर क्वचित शरीराची प्रतिकारशक्ती चांगल्या डोळ्यावरही उलटते, आठवड्यांनी, कधी वर्षांनी.

चष्म्याबद्दलही थोडे. नंबरचा चष्मा डोळ्याचे रक्षण करतो हा समज चुकीचा आहे, बाजूने सगळे उघडेच असते. हार्डवेअरच्या दुकानात वेल्डिंग, कटिंगचे कारागीर वापरतात तो पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक गॉगल मिळतो. फटाक्यांवर आपण जेवढे खर्च करतो त्यापुढे त्याची किंमत किरकोळ आहे. मुले घालणार नाहीत, असे म्हणतात. मोठे घालत नाहीत म्हणून मुले घालत नाहीत. हेल्मेटचे झाले तेच.

थंडीत हवा कोरडी असते, मोबाइल पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे चुरचुरतात. दिवाळी अंकांतल्या आरोग्याच्या पानांवर याच्याबद्दल भरपूर लिहून येते, त्यामुळे इथे त्यात शिरत नाही. चुरचुरणारा डोळा जात नाही.

आरोग्य खात्याकडे आणि महाराष्ट्रातल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांकडे एकच मागणी आहे, आणि तिला पैसे जवळपास लागत नाहीत. पुढच्या वसुबारसेपासून संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात, वैद्यकीय महाविद्यालयात आणि तयार असलेल्या प्रत्येक खासगी नेत्ररुग्णालयात एक वही ठेवावी. तिच्यात नाव नको. वय, जखम कशाने झाली, रुग्ण उडवणारा होता की पाहणारा, जखमेनंतर किती तासांनी आला, येण्याआधी डोळ्यात काय घातले होते, आणि तीन महिन्यांनी त्या डोळ्याने किती दिसते, एवढे सहा रकाने पुरे. वह्या अक्षय्य तृतीयेनंतर एकत्र कराव्यात आणि बेरीज दिवाळीच्या आधी, फटाक्यांचे परवाने देण्याच्या आत, जाहीर करावी.